‘हाच तो’ आणि ‘मी तिथे नव्हतो’

फौजदारी खटल्यात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, आरोपीकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, ‘हाच तो.’ आरोपीचे म्हणणे असते, ‘मी त्या वेळी तिथे नव्हतोच.’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे शक्य नाही, पण ती करणारी दोन्ही माणसे प्रामाणिक असू शकतात. साक्षीदार खोटे बोलत नसतो, तरी चुकत असतो. आरोपी खरे बोलत असतो, तरी त्याच्याकडे पुरावा नसतो. फौजदारी न्यायातली सर्वांत अवघड प्रकरणे या जागेवर उभी आहेत.

आरोपीच्या या बचावाला कायद्यात ‘ॲलिबी’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अन्यत्र’ एवढाच. मी वकील नाही. निकालपत्रे वाचण्याचा नाद असलेला एक वाचक आहे. या वाचनातून झालेले माझे मत असे, की आपली न्यायालये हे दोन पुरावे एका तराजूच्या दोन पारड्यांत घालत नाहीत, तर एकामागून एक तोलतात. आधी साक्षीदार विश्वसनीय ठरतो आणि मग ॲलिबी हातात घेतली जाते. तोवर निकाल बहुतेक झालेला असतो. अपिलात ही चूक दुरुस्त व्हावी अशी अपेक्षा, पण तिथे तोच क्रम पुन्हा गिरवला जातो. हा क्रम कुठून आला, त्याने काय बिघडते आणि तो कुठे योग्यही ठरतो, हे पाहण्याचा इथे प्रयत्न आहे.

बेक नावाचा माणूस

हा प्रश्न ज्या प्रकरणामुळे जगासमोर आला ते लंडनचे. १६ डिसेंबर १८९५ रोजी व्हिक्टोरिया स्ट्रीटवर अॅडॉल्फ बेक या नॉर्वेजियन गृहस्थाला एका बाईने अडवले. ‘तुम्हीच मला फसवून माझी घड्याळे आणि अंगठ्या नेल्या,’ असा तिचा आरोप होता. स्वतःला लॉर्ड म्हणवणारा एक भामटा त्या काळात एकट्या राहणाऱ्या स्त्रियांना गाठून दागिने लांबवत असे. पोलिसांनी बेकला रांगेत उभे केले. त्या रांगेत पांढरे केस आणि मिशा असलेला तो एकटाच होता. दहाच्या आसपास स्त्रियांनी पुढे त्याला ओळखले.

या भामट्याची एक जुनी कहाणी होती. अगदी याच पद्धतीने फसवणूक केल्याबद्दल १८७७ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इसमाला पाच वर्षांची शिक्षा झाली होती. त्याला पकडणाऱ्या जुन्या पोलिसाने खालच्या न्यायालयात शपथेवर सांगितले, की बेक म्हणजेच स्मिथ. हस्ताक्षरतज्ज्ञ गरिन यानेही दोन्ही वेळची पत्रे एकाच हातची ठरवली. बेकसाठी ही खरे तर सुटकेची वाट होती. १८७७ मध्ये तो पेरूमध्ये होता, आणि तसे सांगणारे साक्षीदार होते. पत्रे एकाच हातची असतील आणि पहिली पत्रे लिहिली गेली तेव्हा बेक समुद्रापार असेल, तर दुसरी पत्रेही त्याची नाहीत. इतके सरळ गणित.

मार्च १८९६ मध्ये ओल्ड बेलीत खटला उभा राहिला तेव्हा सरकारी वकील होरेस ॲव्हरी यांनी फक्त नव्या गुन्ह्यांचेच आरोप पुढे ठेवले. १८७७ चा विषय काढायला बचाव पक्षाचे वकील गिल उठले, तर न्यायाधीश सर फॉरेस्ट फुल्टन यांनी तो प्रश्न गैरलागू ठरवला. १८७७ च्या खटल्यात सरकारी वकील म्हणून हेच फुल्टन उभे होते, हा योगायोगही नोंदवण्याजोगा आहे. ज्युरीसमोर उरल्या त्या फक्त बोट दाखवणाऱ्या स्त्रिया. बेकची ॲलिबी कोणी खोडून काढली नव्हती; ती ज्युरीच्या कानावरच गेली नाही. शिक्षा सात वर्षांची सक्तमजुरी. तुरुंगात त्याला स्मिथचाच जुना क्रमांक देण्यात आला.

त्या काळी इंग्लंडमध्ये वस्तुस्थितीच्या प्रश्नावर फौजदारी अपील करण्याची सोय नव्हती. होते ते गृहखात्याकडे अर्ज, आणि बेकच्या वकिलाने ते एकामागून एक केले. १८९८ मध्ये तुरुंगाच्या जुन्या नोंदीतून एक गोष्ट उघड झाली: स्मिथची सुंता झालेली होती, बेकची नव्हती. म्हणजे ही दोन वेगळी माणसे, हे देहावरच लिहिलेले होते. गृहखात्याने न्यायाधीश फुल्टन यांचे मत मागवले. बेक हा स्मिथ नसला तरी १८९६ चा निकाल त्याने डळमळत नाही, असा त्यांचा सूर होता. परिणाम असा, की बेकचा क्रमांक बदलला आणि शिक्षा तीच राहिली.

१९०१ मध्ये तो सुटला. १९०४ मध्ये तशीच फसवणूक पुन्हा सुरू झाली, पुन्हा बेकला अटक झाली, आणि पाच स्त्रियांनी त्याला ओळखले. ज्युरीने पुन्हा दोषी ठरवले, पण न्यायमूर्ती ग्रॅंथम यांना शंका आली आणि त्यांनी शिक्षा पुढे ढकलली. ७ जुलै १९०४ रोजी, बेक कोठडीत असताना, एक इसम फसवून आणलेल्या अंगठ्या गहाण ठेवताना सापडला. तोच खरा स्मिथ. बेकला माफी मिळाली, आधी दोन हजार आणि नंतर पाच हजार पौंडांची भरपाई मिळाली, आणि चौकशी समिती बसली. १९०७ चा कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील कायदा आला त्यामागे हे प्रकरण होते. इंग्लंडमधल्या फौजदारी अपिलाचा जन्म असा चुकीच्या ओळखीतून झाला.

या प्रकरणातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली साक्षीदारांच्या संख्येची. दहाजणी सांगतात म्हणजे दहा पुरावे झाले असे आपण धरतो. पण त्या सगळ्याजणी एकाच साम्याला फसल्या होत्या. दहा घड्याळे एकाच चुकीच्या घड्याळावरून लावली, तर दहाही तीच वेळ दाखवतील. ॲलिबीचे तसे नसते. पेरूतला साक्षीदार, जहाजाची नोंद, तुरुंगातले वैद्यकीय टिपण या तीन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. त्या जुळल्या तर त्यांचे वजन खरोखर वाढते. दुसरी गोष्ट क्रमाची. फुल्टन यांच्या मनात ओळख आधी पक्की झाली होती. म्हणून पुढचा प्रत्येक पुरावा, अगदी सुंतेची नोंदसुद्धा, त्या ओळखीला धक्का न लावता कुठे बसवता येईल असाच पाहिला गेला.

घरच्यांची साक्ष

याच १९०७ च्या कायद्यामागे आणखी एक प्रकरण होते आणि त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. शापूरजी एदलजी हे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती झाले आणि इंग्लंडमध्ये ग्रेट वर्ली या गावी धर्मोपदेशक म्हणून राहिले. त्यांचा मुलगा जॉर्ज पेशाने सॉलिसिटर. ऑगस्ट १९०३ मध्ये रात्री एका घोड्याला जखमी केल्याच्या आरोपावरून त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. इथे कोणी ‘हाच तो’ म्हणणारा नव्हता, पण ॲलिबीचे काय होते हे पाहायला हे प्रकरण उपयोगी आहे. संध्याकाळी जॉर्ज कुठे होता हे सांगणारे लोक होते. कॉनन डॉइलने पुढे दाखवून दिले, की संध्याकाळची ॲलिबी भक्कम निघाल्यावर गुन्ह्याची वेळच पहाटेकडे सरकवली गेली. पहाटे तो वडिलांच्याच खोलीत झोपलेला होता आणि खोलीला कुलूप होते. पण ते सांगणार कोण? वडील. मग त्या साक्षीची किंमत काय?

आपल्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. रात्री दोन वाजता माणूस कुठे असतो? बहुधा घरी झोपलेला असतो, आणि ते पाहणारी माणसे म्हणजे बायको, आई, भाऊ. कारखान्यातल्या कामगाराचे मस्टर असते, बँकेतल्या कारकुनाची हजेरी असते. नाक्यावर उभे राहून काम मिळवणाऱ्या मजुराचे मस्टर कुठे असते? निरपराध माणसाची ॲलिबी नैसर्गिकपणेच कच्ची असते, कारण पुढे पुरावा लागेल या जाणिवेने कोणी जगत नाही. घडी न मोडलेली, कागदोपत्री पूर्ण ॲलिबी उलट तयार केलेली असण्याचा संभव जास्त. म्हणून घरच्यांची साक्ष ‘हितसंबंधी’ म्हणून बाजूला टाकणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

डेव्हलिन आणि टर्नबुल

अपील न्यायालय आले म्हणून चुका थांबल्या नाहीत. ल्यूक डॉहर्टी याला संडरलंडच्या एका दुकानातून पडदे चोरल्याबद्दल शिक्षा झाली. त्या वेळी तो विसेक माणसांबरोबर बसने सहलीला गेला होता, पण खटल्यात त्यांपैकी दोघांचीच साक्ष झाली. लास्लो विराग याला पार्किंग मीटरमधून चोरी आणि पोलिसावर गोळीबार या आरोपांवर दहा वर्षे शिक्षा झाली. आठ साक्षीदारांनी त्याला ओळखले होते. त्याचा बचाव, की तो लंडनमध्ये होता. दोघेही १९७४ मध्ये सुटले. यातून लॉर्ड डेव्हलिन यांची समिती नेमली गेली. अपवादात्मक परिस्थिती सोडता केवळ डोळ्यांनी केलेल्या ओळखीवर शिक्षा देऊ नये, असे तिने १९७६ मध्ये सुचवले. त्याच वर्षी अपील न्यायालयाने टर्नबुल खटल्यात न्यायाधीशांसाठी नियम घालून दिले. साक्षीदाराने आरोपीला किती वेळ, किती अंतरावरून, कोणत्या उजेडात पाहिले. आड काही होते का. आधी कधी पाहिले होते का. पहिले वर्णन आणि प्रत्यक्ष आरोपी यांत फरक किती, हे ज्युरीपुढे मांडलेच पाहिजे. अगदी जवळच्या माणसाला ओळखतानाही चूक होते, हेही त्यात सांगितले आहे.

टर्नबुलमधला ॲलिबीविषयीचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. ॲलिबी खोटी ठरली म्हणून ओळख खरी ठरत नाही, असे त्यात बजावले आहे. निरपराध माणूसही घाबरून खोटी ॲलिबी रचतो, कारण आपल्या एकट्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही असे त्याला वाटते. शिवाय तारखांत प्रामाणिक गफलत होऊ शकते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील रोनाल्ड कॉटनचे तेच झाले. १९८४ च्या बलात्काराच्या गुन्ह्यात पोलिसांना आपला ठावठिकाणा सांगताना त्याने आठवड्याची सरमिसळ केली आणि आधीच्या शनिवार-रविवारची हकिकत सांगितली. पीडितेने त्याला पूर्ण खात्रीने ओळखले. पुढच्या फेरखटल्यात खरा गुन्हेगार न्यायालयात तिच्यासमोर उभा केला, तरी तिने त्याला ओळखले नाही. १९९५ मध्ये डीएनए तपासणीने कॉटन निर्दोष ठरला. तिची स्मृती चुकली तशीच त्याचीही चुकली होती. तिच्या चुकीला खात्री समजले गेले आणि त्याच्या चुकीला लबाडी.

आपल्याकडचे वजनमाप

भारतीय पुरावा कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम ११ मधले उदाहरण प्रसिद्ध आहे: अ ने कलकत्त्यात गुन्हा केला का हा प्रश्न असेल, तर त्या दिवशी तो लाहोरला होता ही गोष्ट प्रस्तुत आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम ९ झाले आणि उदाहरणातली गावे चेन्नई व लडाख झाली. गावे बदलली, पण उदाहरणाचा भाबडेपणा गेला नाही. खऱ्या खटल्यात आरोपी लडाखला नसतो. तो चार किलोमीटरवर असतो.

या चार किलोमीटरांचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या दूधनाथ पांडे खटल्यात केला. खून अलाहाबादेत, आरोपी नैनीच्या कारखान्यात कामाला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी दोन सूत्रे सांगितली. एक, बचावाच्या साक्षीदारांना सरकारी साक्षीदारांइतकीच समान वागणूक मिळाली पाहिजे. ते खोटेच बोलतात असे धरून चालू नये. दोन, ॲलिबी म्हणजे घटनास्थळी असण्याची शारीरिक अशक्यता. साडेआठला नैनीत असलेला माणूस नऊला घटनास्थळी पोचू शकत होता, म्हणून ती ॲलिबी पडली. फाशी मात्र जन्मठेपेत बदलली. माझ्या मते यातले पहिले सूत्र जास्त महत्त्वाचे आहे. दुर्दैवाने दुसरे जास्त रुळले.

पुढे बिनयकुमार सिंह विरुद्ध बिहार राज्य हा निकाल १९९७ च्या लॉ रिपोर्टांत आला. ॲलिबीच्या प्रश्नावर आज बहुधा त्याचाच आधार घेतला जातो. ॲलिबी हा कायद्यातला अपवाद नसून पुराव्याचा नियम आहे, आणि तिच्यामुळे सरकार पक्षावरचा सिद्धतेचा भार हलका होत नाही, हे त्यातले म्हणणे निर्विवाद. पण त्याच परिच्छेदात दोन वाक्ये शेजारी नांदतात. एक म्हणते, सरकार पक्षाने आपला भार पेलला की आरोपीने ॲलिबी पूर्ण निश्चितीने सिद्ध केली पाहिजे. दुसरे म्हणते, आरोपीच्या पुराव्याने तो तिथे होता याविषयी वाजवी संशय निर्माण होत असेल तर त्याला संशयाचा फायदा मिळेल. ही दोन मापे एक नाहीत. पूर्ण निश्चिती म्हणजे शंभर नंबरी सोने. वाजवी संशयासाठी त्याच्या कितीतरी कमी पुरतो. शिवाय पहिल्या वाक्यातला ‘भार पेलला की’ हा शब्दप्रयोगच अडचणीचा आहे. ॲलिबी न पाहता भार पेलला गेला हे ठरवायचे कसे? ‘तो तिथे होता’ आणि ‘तो तिथे नव्हता’ ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. एकाचा निकाल लावून मग दुसऱ्याकडे वळता येत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. बिनयकुमार सिंह खटला सामूहिक हत्याकांडाचा होता. अशा प्रकरणांत मारणारे बलवान असतात, मरणारे दुबळे. वाचलेल्यांनी हल्लेखोरांना नावानिशी ओळखलेले असते आणि बलवानांना रुग्णालयाचा कागद, कचेरीतली नोंद, प्रतिष्ठित साक्षीदार सहज मिळतात. तिथे ॲलिबीचे माप सैल केले तर गरिबांच्या डोळ्यांनी पाहिलेले सत्य पैशाच्या कागदाखाली दडपले जाईल. हे मला पूर्ण मान्य आहे.

मात्र या आक्षेपातूनच खरा भेद हाती लागतो. ही ओळख परिचितांची आहे. साक्षीदार त्या माणसाला वर्षानुवर्षे पाहत आला आहे. तिथे बहुतेक वेळा प्रश्न असतो तो सत्य की खोटे असा. डोळ्यांच्या चुकीचा संभव कमी. दूधनाथ पांडे खटल्यातही आरोपी मृताच्या कुटुंबाचा जुना भाडेकरू होता. म्हणजे ॲलिबीचे कडक माप सांगणारे दोन्ही प्रमुख निकाल ओळखीच्या माणसांविषयीचे आहेत. बेक, विराग, कॉटन हे तिघेही साक्षीदारांना अनोळखी होते. अनोळखी चेहऱ्याबाबत साक्षीदार शंभर टक्के प्रामाणिक असूनही शंभर टक्के चुकू शकतो, आणि उलटतपासणीत प्रामाणिक माणसाची चूक पकडणे जवळजवळ अशक्य असते. परिचितांसाठी घडवलेले माप अनोळखींना लावणे हा माझा मुख्य आक्षेप आहे.

अनोळखी ओळखीचे धोके आपल्या न्यायालयांना ठाऊक नाहीत असे नाही. साक्षीदाराने अनोळखी आरोपीला प्रथमच न्यायालयात ओळखले तर, आधी ओळख परेड झालेली नसताना, त्या ओळखीला किंमत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या कानन खटल्यात म्हटले. नंतरच्या निकालांनी ते बरेच सैल केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये एका आरोपीसाठी किमान सहा डमी उभे करावेत असे सांगितले आहे. २१ जुलै २०२५ रोजी याच न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातील १२ जणांची शिक्षा रद्द केली. १८० हून अधिक माणसे मारणाऱ्या त्या स्फोटांनंतर सुमारे शंभर दिवसांनी जबाब देणाऱ्या टॅक्सीचालकांना क्षणभर पाहिलेले चेहरे कसे आठवले, आणि परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तेव्हा तो अधिकार तरी होता का, हे प्रश्न त्या निकालात कळीचे ठरले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल पूर्वदाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. अंतिम शब्द तिथेच लागेल. पण अपिलात ओळखीचा पुरावा कसा सोलून पाहावा लागतो, आणि तोवर किती वर्षे गेलेली असतात, हे त्यातून कळते.

अपिलाने काय करावे

अपील न्यायालयासमोर साक्षीदार नसतो, कागद असतो. साक्षीदाराचा चेहरा आणि आवाज खालच्या न्यायालयाने पाहिला, म्हणून त्याच्या मताला हात लावू नये, असे म्हणण्याची प्रथा आहे. ओळखीच्या प्रश्नावर मला हे उलटे वाटते. साक्षीदाराच्या आवाजातली खात्री हीच इथली फसवी गोष्ट आहे. ती कागदावर येत नाही, हा अपील न्यायालयाचा तोटा नसून फायदा आहे. उजेड, अंतर, वेळ, पहिले वर्णन, परेडची तारीख हे सगळे कागदावर असते. ॲलिबीच्या नोंदीही कागदावर असतात. दोन्ही शेजारी ठेवून एकदाच वाचता येतात.

त्यासाठी निकालपत्राच्या मांडणीतच बदल हवा. ‘साक्षीदार विश्वसनीय आहे’ असा परिच्छेद संपवून मग ‘आता आरोपीच्या बचावाकडे वळू’ म्हणण्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: हा सगळा पुरावा एकत्र पाहता, तो तिथे होता याविषयी वाजवी संशय उरतो का? आणि ॲलिबी पडली तरी तेवढ्याने सरकार पक्षाची भोके बुजत नाहीत. खोट्या बचावाने साखळीतली तुटलेली कडी सांधली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात १९८४ मध्येच सांगितले आहे. तो खटला परिस्थितिजन्य पुराव्याचा होता. तेच तत्त्व ओळखीच्या पुराव्यालाही लावायला काय हरकत आहे?

दुसरा बदल तपासात हवा. इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्याने ॲलिबीची आगाऊ सूचना देणे आरोपीवर बंधनकारक केले, म्हणजे पोलिसांना ती पडताळायला वेळ मिळू लागला. आपल्याकडे आरोपीने अटकेच्या दिवशी सांगितलेली गोष्ट केस डायरीत जातेच असे नाही. पुढे साक्षीपुरावा संपल्यावर न्यायाधीशांच्या प्रश्नांना उत्तर देताना तो ती सांगतो, तेव्हा ‘हे मागाहून सुचलेले’ असा शेरा पडतो. तोवर दुकानाच्या सीसीटीव्हीवरचे चित्रण पुसले गेलेले असते, सोबतचा मजूर गावी गेलेला असतो. कोठडीतला माणूस या गोष्टी गोळा करू शकत नाही. पोलीस करू शकतात. आरोपी जे ठिकाण सांगेल ते लगेच लिहून घेणे आणि तपासणे हे तपास अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले, तर खोटी ॲलिबी आठवड्यात उघडी पडेल आणि खरी टिकेल. सरकार पक्षाचाही यात तोटा नाही.

बेकला ज्या कागदाने वाचवायला हवे होते तो १८९८ पासून सरकारच्या कपाटात होता. तो कागद आणि त्या स्त्रियांची साक्ष कोणी एका टेबलावर शेजारी ठेवून वाचली नाही, म्हणून त्याला आणखी तीन वर्षे तुरुंगात काढावी लागली आणि १९०४ मध्ये पुन्हा त्याच पिंजऱ्यात उभे राहावे लागले. अपिलाचे न्यायालय त्यानंतर जन्मले ते अशा दोन गोष्टी एकत्र वाचण्यासाठीच.